कोसमटोल्याच्या अलीकडे

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" म्हणून ते आधीच सांगून टाकते. वाघ दिसला नाही. अस्वल नाही, बिबट्या नाही. अख्ख्या प्रवासात सात-आठ वानरं, दोन मोर आणि धूर एवढंच बघितलं. धूर मात्र पोटभर. ज्यांना वाघाचं वर्णन वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं, मी रागावणार नाही.

उद्यानाचं नावही लिहिणार नाही. पूर्व विदर्भातलं एक राष्ट्रीय उद्यान, एवढं पुरे. तिथल्या एका बाईने आमच्यासाठी नियम थोडा वाकवला, आणि तिचं पोट त्या नियमांवर चालतं. तिचं नाव मी इथे मंगला असं ठेवते.

अंबरनाथ पश्चिम

जायचं होतं ते माझ्या बाबांना. बाबा म्हणजे शामराव, वय शहात्तर. विसाव्या वर्षी कोसमटोला नावाचं जंगलातलं गाव सोडून ते अंबरनाथला आले आणि एका कारखान्यात छत्तीस वर्षं मशीनसमोर उभे राहिले. कोसमटोला आता तिथे नाही. उद्यान झालं तेव्हा सरकारने ते गाव उठवून जंगलाबाहेर नेऊन वसवलं. बाबा तेव्हा इथेच होते, पाळ्या करत.

त्यांची आई, म्हणजे माझी आजी, गाव उठण्याआधीच गेली. बाबांना अंबरनाथला येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तार मिळाली चौथ्या दिवशी. ते पोचेपर्यंत गावकऱ्यांनी तिला बोडीच्या काठावर, मोहाच्या झाडाखाली माती दिली होती. बोडी म्हणजे त्या भागातलं गावतळं. बाबा दोन दिवस राहिले आणि नवी नोकरी जाऊ नये म्हणून परतले. त्यानंतर गेलेच नाहीत. का गेला नाहीत, असं मी लहानपणी विचारलं की म्हणायचे, "कुणाकडे जाऊ?" आणि पेपर उघडायचे.

इतक्या वर्षांनी विषय निघाला तो एका झाडामुळे. पालेगावच्या रस्त्याला शेताच्या बांधावर एक मोह होता. दरवर्षी मार्चमध्ये बाबा पूल ओलांडून पूर्वेला जायचे, चालत चालत त्या झाडापर्यंत, आणि रुमालात मूठभर फुलं बांधून आणायचे. चार दिवस घरभर तो गोड, आंबूस वास. माझी आई होती तोवर नाक मुरडायची. यंदा बाबा रिकामा रुमाल घेऊन परत आले. बांध नाही, झाड नाही, पत्रे ठोकलेले आणि आत क्रेन. बूट काढता काढता म्हणाले, "सुनीता, मला एकदा कोसमटोल्याला नेशील?"

आजवर माझ्या वडिलांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

माझा स्वभाव असा की मी आधी ठरवते आणि मग विचारते. घरातल्यांना त्याची सवय झाली आहे. दोन रात्री बसून सगळी माहिती काढली. गावाची जागा आता गाभा क्षेत्रात येते. तिथे चालत जायची परवानगी कुणालाच नाही, फक्त सफारीची जिप्सी जाते, तीही एकाच वाटेने. गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. म्हणजे सगळं जमून आलं तरी बाबांना त्यांचं गाव गाडीतून जाता जाता दिसणार, फार तर अर्धा मिनिट. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. आठशे-नऊशे किलोमीटर जायचं ते अर्ध्या मिनिटासाठी.

"अर्धा मिनिट पुष्कळ झाला," बाबा म्हणाले.

दोन सफारी बुक केल्या. एक दुसऱ्या दिवशी पहाटेची आणि चुकलीच तर असावी म्हणून तिसऱ्या दिवशीची. उल्हासनगरला मी लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात आहे. मालकीण रोशनीआंटी रजेचं ऐकून कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे सुनीता, टायगर के लिए इतना दूर? यूट्यूब लगा, एसी में बैठ के देख!" मग बाबांचं ऐकल्यावर तिने जाताना पापडांचा हा एवढा गठ्ठा हातात कोंबला. "ले जा. बुजुर्ग आदमी है, रस्ते में मुँह चलता रहना चाहिए."

गेटचं गाव

कल्याणला गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी उतरलो. मधलं सांगण्यासारखं काही नाही, एक सोडून. नागपूर मागे पडलं आणि चहावाला आला. बाबा त्याला म्हणाले, "मले बी एक दे बापू." मी बघतच राहिले. त्रेचाळीस वर्षं मी या माणसाला ओळखते, "मले" म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. ते शब्द इतकी वर्षं कुठे ठेवले होते कोण जाणे.

उद्यानाच्या गेटपासून पाच मिनिटांवर एक वस्ती आहे. कोसमटोल्यातून उठवलेली माणसं तिथे वसवलेली आहेत. मंगला त्यातलीच. तिशीतली, खाकी शर्ट, पायात स्पोर्ट्स शूज, बोलणं तुटक आणि हसणं मोकळं. ती उद्यानात गाइडचं काम करते आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. आम्ही तिच्याकडेच उतरलो.

रिक्षातून उतरताच नाकात धूर गेला. माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. बाबा मात्र पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले आणि दोनदा खोल श्वास घेतला.

"मोहाखालचा पाला आहे," ते म्हणाले.

मंगला हसली. "बरोबर ओळखलं आजोबा. परवापासून पेटलं आहे, तिकडे वरच्या अंगाला."

मग तिने मला समजावून सांगितलं. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली वाळका पाला असला तर वेचता येत नाहीत. म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. काळ्या राखेवर पिवळी फुलं लांबूनही दिसतात. पण वारं सुटलं की एक ठिणगी जाते, आणि मग वणवा. "दरसाल सांगतो, जाळू नका, झाडून घ्या. पण एवढं कोन झाडते बाप्पा!"

"आम्हीही जाळायचो," बाबा खालच्या आवाजात म्हणाले, आपलाच काही गुन्हा निघाल्यासारखे. "माय वेचायची. मी विझवायला उभा राहायचो, पळसाची फांदी घेऊन."

धुराच्या बाबतीत आम्हीही काही कच्चे नाही. अंबरनाथ-बदलापूरकडे कारखान्यांची हवा असते. घशाला झोंबणारा वास वेगळा, सडक्या कांद्याचा वेगळा, आणि गोडसर आला की तो सगळ्यांत वाईट. सोसायटीच्या ग्रुपवर "वास येतोय का?" असा एक मेसेज पडतो आणि पाच मिनिटांत सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या बंद. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा, म्हाताऱ्यांना आतल्या खोलीत न्यायचं. हे करताना डोकं लागत नाही, हातच करतात. मनात म्हटलं, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. धूर खायला एवढ्या लांब आलो!

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. आमच्या घरी भात शेवटी येतो, इथे पहिला घास ते शेवटचा घास भातच. बाबांनी तीनदा वाढून घेतला. घरी अर्धी पोळी टाकून उठणारा माणूस. मंगलाने विचारलं, "आजोबा, कोनाचे तुम्ही?" आणि बाबांनी त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं, माझ्यासमोर बहुधा पहिल्यांदाच.

"उद्या बोडी दाखवतील तुम्हाले," ती म्हणाली. "आता तिथे कुरण आहे. चितळ चरतात. मोह आहे अजून काठावर."

बाबांनी हात धुतले आणि बराच वेळ पुसत राहिले.

दुसरा दिवस

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. लिहायला जड जातं, पण टाळून कसं चालेल?

साडेचारचा गजर झाला. डोळे उघडण्याआधी वास आला. खोली धुराने भरली होती, दिव्याभोवती पिवळट कडं दिसत होतं. मी उठले, खिडकी लावली, टॉवेल भिजवून दाराच्या फटीत सारला आणि कूलर मोठा केला. हे सगळं मिनिटभरात झालं. वळून पाहिलं तर बाबा पलंगाच्या कडेवर बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून विंचरलेले केस, पायात बूट. ते कधी उठले होते मला कळलंही नव्हतं.

"बाबा, झोपा. एवढ्या धुरात आज कुणी आत सोडणार नाही."

"विचारून तर ये."

"यात विचारायचं काय? नाकाला कळतंय की. तुमचा दमा उठला तर मी इथे कुठे धावू?"

त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. एक, मग दुसरी. बूट जोडीने पलंगाखाली ठेवले आणि शर्टासकट आडवे झाले.

जाग आली तेव्हा आठ वाजले होते आणि पडद्याच्या कडेने लख्ख ऊन येत होतं. बाहेर आले तर आकाश निळं. मंगलाची त्या दिवशी दुसऱ्या गाडीवर पाळी होती, ती पाचलाच गेटवर गेलेली. मोबाइलला त्या वस्तीत रेंज नाही. साडेनऊला परत आली आणि मला अंगणात बघून थबकलीच.

"ताई, काहून आले नाही तुम्ही? गेटवर तुमचं नाव चारदा पुकारलं!"

"धूर होता ना…"

"धूर तर इथे खालच्या अंगाला बसला होता. पहाटे बसते तसा. आत तर साफ होतं. आज तर लई मस्त दिसलं, बोडीपर्यंत सगळं मोकळं."

मी पायरीवर बसले. नाकाला कळतंय म्हणे! अंबरनाथचं नाक अंबरनाथलाच चालतं, एवढी अक्कल मला नव्हती. गेट पाच मिनिटांवर होतं. चपला घालून विचारून यायला काय झालं होतं? हातातोंडाशी आलेला घास मी माझ्या बापाच्या हातून काढून घेतला, तोही काळजीच्या नावाखाली. मला माझा इतका राग आला की रडूही येईना.

शेजारच्या खोलीत पुण्याचं एक तरुण जोडपं होतं. तेही सफारीवरूनच परत आले होते. त्यांच्याकडे मोठा कॅमेरा होता. बाबांची हकिगत ऐकून त्या मुलीने स्वतःहून फोटो दाखवले. तळहाताएवढा पडदा. बाबांनी चष्मा वर केला, डोळा जवळ नेला. पिवळं गवत, चितळांचा कळप, मागे पाण्याची एक रेघ. "ही बोडी," बाबा म्हणाले. "आणि हा इथे…" त्यांनी बोट ठेवलं आणि फोटो पुढे सरकून वानर आलं. मुलीने मागे घेतला. बाबांनी पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा वानर. सगळे हसले. बाबाही हसले. मी आत निघून गेले.

मागून ते खोलीत आले. "जाऊ दे," म्हणाले. "आपण गेलो असतो तर वाघच पळाला असता तुझ्या बडबडीने."

दुपारी वारं सुटलं. दूर डोंगरावर धुराची भिंत उभी राहिली आणि तीनच्या सुमाराला बातमी आली की आग रस्त्याच्या अलीकडे उतरली, बोडीची वाट बंद.

संध्याकाळी मंगलाला सोबत घेऊन बाबांना वस्तीत फिरवून आणलं. सरळ रेषेत घरं, दारावर प्लॉटचे नंबर, एकसारखे नळ. आमच्या पालेगावला भातशेतीतून बिल्डिंगा उगवल्या, इथे अख्खं गाव रोपासारखं उपटून ओळीत लावलेलं. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक काटकुळा म्हातारा बसला होता. मंगला म्हणाली, हा गोविंदा, गोंडांपैकी, जुन्या गावातला. बाबांच्याच वयाचा असेल.

"जोहार," बाबा म्हणाले. "मी शामराव."

"कोन शामराव?"

"भिवाचा शाम्या."

म्हाताऱ्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मेला नाही अजून?"

"तू काय करून राहिला मग इथे?"

आणि दोघे असे हसले की गोविंदाच्या सुनेने आतून डोकावून पाहिलं. लहानपणी दोघांनी मिळून गुरं राखली होती. मी रोशनीआंटीचे पापड काढले, सुनेने ते चुलीच्या निखाऱ्यावर भाजले. सिंधी पापडातली मिरी गोविंदाला लागली, तो ठसकला आणि तरी दुसरा मागून घेतला.

"मोह आहे म्हणे अजून," बाबांनी विचारलं.

"होता. मी बी आत जात नाही आता. आपल्याले कोन सोडते?"

"इथे बरं आहे ना पण?"

गोविंदाने मांडीवरचा पापडाचा चुरा झटकला. मग म्हणाला, "लाइट हाय. नळ हाय. पोराले रोजगार हाय. वाघाची भीती नाही. सगळं बरं हाय, शाम्या. फक्त झोपलो का मी तिथंच असतो."

"मीही," बाबा म्हणाले.

मी हे ऐकून चकित झाले. म्हणजे अंबरनाथच्या आमच्या दीड खोलीत, माझ्या शेजारच्या गादीवर, माझ्या सगळ्या लहानपणात, हा माणूस रोज रात्री उठून तिथे जात होता आणि सकाळी डबा घेऊन कारखान्यात. आम्हाला कुणाला पत्ताही नव्हता.

तिसरा दिवस

या वेळी मी विचारून आले. पावणेपाचलाच गेटवर जाऊन उभी राहिले. वनखात्याचा माणूस म्हणाला, गाड्या सोडू, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. पुढे जाळरेषा काढायचं काम चालू आहे. जाळरेषा म्हणजे आग ओलांडून येऊ नये म्हणून पाला साफ करून ठेवलेला पट्टा. बहुतेकांनी गाड्या रद्द केल्या. पुण्याचं जोडपं चहा पिऊन परत झोपायला गेलं. आमचा त्याच दिवशी परतीचा प्रवास होता, आम्हाला रद्द करून चालणार नव्हतं.

मंगलाने पाळी बदलून आमची गाडी घेतली होती. बाबांना मागच्या उंच सीटवर बसवून मी तिला बाजूला घेतलं.

"कुठपर्यंत नेता येईल?"

"चौकीच्या पुढच्या वळणावर दोर बांधला आहे. गाव पुढे राहील, ताई."

"मग त्या दोराशी थांबवा," मी म्हणाले, "आणि सांगा, हेच गाव."

ती माझ्याकडे बघत राहिली. "असं कसं म्हनू मी? माझंबी गाव आहे ते."

"त्यांचा एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. आणि या धुरात आपल्याला तरी कुठे दिसतंय? कालची सफारी माझ्यामुळे गेली, मंगला. आज त्यांना रिकाम्या हाताने नेऊ कशी?"

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

असं जंगल मी चित्रातही पाहिलं नव्हतं. झाडं म्हणजे नुसत्या काळ्या रेघा, वीस-पंचवीस पावलांवर त्याही पुसलेल्या. हेडलाइटचा उजेड पुढे जाईना, समोरच गोळा होऊन राहिलेला. पक्षी नाही, किडा नाही. सूर्य उगवला तो नारिंगी बिल्ल्यासारखा, त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघता येत होतं. मी ओढणी भिजवून बाबांच्या नाकाला बांधली. त्यांनी ती सोडून मांडीवर ठेवली. "वास येऊ दे," म्हणाले. मी काही कुजबुजले तर मंगलाने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. आत बोलायचं नसतं.

वाटेत पाठीवर पाला उडवायची यंत्रं घेतलेले पाच-सहा मजूर भेटले. चेहरे काळे, डोळे लाल. एकाने बाबांकडे पाहून हात वर केला, बाबांनीही केला. मग चौकी गेली. एका ठिकाणी गाडी डावीकडे कलली, खडकावरून दणका बसला, आणि वळणावर ड्रायव्हरने ब्रेक लावला. पुढे रस्त्यावर आडवा दोर होता. मागच्या सीटवरून तो दिसत नव्हता, मी आधी उठून खात्री करून घेतली.

मंगला बराच वेळ समोरच बघत बसली. मला वाटलं ती बोलणारच नाही. मग मान न वळवता म्हणाली, "आजोबा, कोसमटोला."

बाबा गाडीच्या दांड्याला धरून उभे राहिले. मी त्यांच्या कमरेला हात लावला. समोर धुराशिवाय काही म्हणजे काही नव्हतं. त्यांनी उजवा तळहात तोंडाशी धरला आणि ओरडले, "माय वो! मी आलो वो, माय!"

असा आवाज त्यांच्या अंगात आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो आवाज शहात्तर वर्षांच्या माणसाचा नव्हताच. ड्रायव्हर दचकला, त्याने मंगलाकडे पाहिलं. उद्यानात मोठ्याने बोललं तर गाइडची पाळी बंद होते. मंगलाने काहीच केलं नाही. ती मांडीवरच्या टोपीकडे बघत होती.

हाक धुरात गेली. बाबा तसेच उभे राहिले. मान थोडी तिरकी, श्वास रोखलेला. मी मोजलं नाही, पण मिनिट गेलं असेल. ड्रायव्हर खोकू लागला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, थोडी धुराची, बरीचशी शरमेची. माझ्या बापाला मी मोकळ्या रस्त्यावर उभं करून आई म्हणून हाक मारायला लावली होती. मला तो क्षण संपायला हवा होता.

"चला," मी ड्रायव्हरला म्हणाले.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बसले. परतीच्या वाटेवर मंगलाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. निघताना मात्र तिने बाबांना वाकून नमस्कार केला आणि कागदात बांधलेली मोहफुलं त्यांच्या खिशात घातली.

स्टेशन

गाडीला दीड तास होता. फलाटाच्या टोकाला पिंपळाखाली बाक मिळालं. तिथे धूर नव्हता, नेहमीचं ऊन होतं, आणि एक बाई टोपलीत बोरं घेऊन बसली होती. बाबांनी बोरं घेतली. एक एक करून खात होते, बिया मुठीत साठवत होते. मला ते बघवेना.

"बाबा, एक सांगायचं आहे."

"सांग."

"सकाळी थांबलो ते गाव नव्हतं. मीच मंगलाला तसं म्हणायला सांगितलं. तिची चूक नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले आणि आणखी एक बोर तोंडात टाकलं.

"कसं माहीत?"

"खडकावर दणका बसला ना? बैलगाडीलाही तिथेच बसायचा. ते बोडीच्या अलीकडचं वळण. गाव तिथून हाकेवर."

"मग बोलला का नाहीत? आणि ती हाक?"

"तिथूनच मारायची असते." त्यांनी मुठीतल्या बिया बाकाखाली टाकल्या आणि हात झटकले. "संध्याकाळी गुरं घेऊन यायचो तेव्हा बोडीवर वाघ पाण्याला आलेला असायचा. वळणावरून आम्हाला बोडी दिसायची नाही. आमचं घर उंचावर, अंगणातून मायला दिसायची. म्हणून प्रत्येक पोराने वळणावर थांबायचं आणि आपल्या घराला हाळी द्यायची. माय अंगणात येऊन बोडीकडे बघणार आणि मग ओरडणार, ये रे बापू! तेव्हाच पुढे जायचं. उत्तर आल्याशिवाय वळण ओलांडायचं नाही, कितीही अंधार पडो. सगळ्या गावाची रीत होती ती."

समोरच्या रुळांवरून एक मालगाडी गेली. ते मिनिटभर काय करत उभे होते हे मला आता कळलं होतं, आणि "चला" कुणी म्हटलं तेही आठवत होतं.

"मी थांबू द्यायला हवं होतं ना, बाबा?" मी विचारलं. "अजून थोडा वेळ?"

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"हो गं," ते म्हणाले. "आता ती फार म्हातारी असेल. अंगणापर्यंत यायला तिला वेळ लागणारच."